दुसरी प्रत

वाचकाचं पत्र: मी ४६ वर्षांचा आहे. शाळा संपता संपता एका डेथ मेटल बँडनं मला झपाटलं ते कायमचं. तो बँड २२ वर्षांपूर्वी फुटला आणि आता पुन्हा एकत्र आलाय. सहा आठवड्यांनी नवा अल्बम येतोय. गायक आणि एक गिटारिस्ट जुने आहेत. ड्रमर नवा आहे, कारण जुन्याचा खांदा आता साथ देत नाही. एक गाणं बाहेर आलंय. मी ते फोनवर चाळीसेक वेळा ऐकलं, आणि ते मला आवडलंय की मी आवडून घेतोय हेच कळेनासं झालंय. ड्रमचा आवाज तर प्लास्टिकचा वाटतो. ज्या मित्राबरोबर मी जुन्या कॅसेट उतरवून घ्यायचो, तो म्हणतो, ‘तो ड्रमर नाही तर तो बँड नाही, हे नाव विकणं आहे.’ मी चिडलो, बोलू नये ते बोललो. तीन आठवडे झाले, आमचं बोलणं बंद आहे. भांडणाच्या आधीच मी एलपीच्या दोन प्रती मागवल्या होत्या, एक त्याच्यासाठी. अल्बम वाईट निघाला तर जुनं सगळंच नासेल अशी भीती वाटते. बाकीची गाणी बाहेर येतील तशी ऐकू का? की अल्बम ऐकूच नये? आणि त्या दुसऱ्या प्रतीचं काय करू?
– वाट पाहणारा

प्रिय वाट पाहणारे,

बँडचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत ते बरं केलंत. नाव कळलं असतं तर मी आधी त्यांचे जुने अल्बम काढून बसले असते आणि तुमचं पत्र बाजूला राहिलं असतं.

‘आवडलंय की आवडून घेतोय’ हे तुमचं वाक्य मी बऱ्याचदा वाचलं. आठवून बघा, ग्राउल, म्हणजे डेथ मेटलमधलं ते घशातून गुरगुरत गाणं, पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा ते तुम्हाला आवडलं होतं का? मला नव्हतं आवडलं. शब्द कळत नव्हते, एक रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते उमगत नव्हतं, ब्लास्ट बीट, ड्रमवरचा तो अतिवेगवान ठेका, म्हणजे नुसता गोंगाट वाटायचा. पण हाताशी मोजक्याच कॅसेट असायच्या, म्हणून तीच बाजू पुन्हा लावायची. मग कधीतरी विसाव्या खेपेला त्या गोंगाटातून एक रिफ वर यायची आणि दिवसभर डोक्यातून जायची नाही. हे संगीत आपण सगळ्यांनीच आवडून घेतलेलं आहे. त्यात खोटं काही नाही, त्याची लाज तर मुळीच नको.

पण तेव्हा तुम्ही ऐकत होतात आणि आता तपासताय. चाळीस वेळा एकच गाणं, तेही फोनवर, तेही मनात मित्राचं बोलणं घोळत असताना. अशा ऐकण्यातून कुठलंच गाणं धड बाहेर पडणार नाही. शिवाय पहिलं गाणं बहुधा जुन्या चाहत्याला धीर देण्यासाठीच निवडलेलं असतं. ‘बघा, आम्ही तेच आहोत’ असं सांगणारं गाणं ते. म्हणून ते ओळखीचं वाटतं, आणि जुन्या गाण्याइतकं जुनं नसल्यामुळे खटकतंही. अल्बममध्ये त्या माणसांना नवं काही सांगायचं असेल तर ते बहुधा पाचव्या-सहाव्या गाण्यात, नाहीतर शेवटी कुठेतरी असेल. त्यामुळे बाकीची सुटी गाणी ऐकू नका. सहा आठवडे थांबा. बावीस वर्षं थांबलात.

ड्रमच्या आवाजाबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं, पण त्यावरून निकाल देऊ नका. आपले कान ज्या आवाजावर घडले तो आवाज मोजक्या खोल्यांमधून आलेला आहे. फ्लोरिडात टॅम्पाला मॉरिसाउंड स्टुडिओ होता, तिथे ध्वनिमुद्रणाला स्कॉट बर्न्स बसायचा. स्टॉकहोममध्ये टोमास स्कॉग्सबर्गचा सनलाइट स्टुडिओ होता. एन्टूम्ड या स्वीडिश बँडच्या १९९० च्या ‘लेफ्ट हँड पाथ’वरची ती करवतीसारखी गिटार बॉस कंपनीच्या एचएम-२ या, गिटारचा आवाज बदलणाऱ्या छोट्याशा पेडलमधून आली, त्याची चारही बटणं शेवटपर्यंत पिळून. सगळं टेपवर ध्वनिमुद्रित व्हायचं, ड्रमचा एक ठोका जरा मागे पडला तर तो तसाच राहायचा, आणि तो मागे पडलेला ठोकाच आपल्याला पाठ झाला. आज बऱ्याच अल्बममध्ये प्रत्येक ठोका संगणकावर रेषेत आणून बसवतात, त्याच्या खाली किंवा त्याच्या जागी आधी मुद्रित करून ठेवलेला ठोका घालतात, आणि सगळं मिळून शक्य तितकं मोठ्या आवाजात दाबून बसवतात. प्लास्टिक वाटतं ते यामुळे. त्यात तुमच्या नव्या ड्रमरचा दोष असेलच असं नाही. एलपीसाठी कित्येकदा वेगळं मास्टरिंग, म्हणजे आवाजाची शेवटची घडण, करतात, तेव्हा तुमच्या हातात येणारी तबकडी फोनवरच्या फाइलपेक्षा थोडा मोकळा श्वास घेणारी असू शकते. निदान तेवढी संधी तिला द्या.

आता भीतीकडे येते. ती खोटी नाही. २०११ साली मॉर्बिड एंजल या बँडचा ‘इलुड डिव्हिनम इन्सेनस’ आला. डेव्हिड व्हिन्सेंट १९९५ च्या ‘डॉमिनेशन’नंतर पहिल्यांदाच त्यांच्या स्टुडिओ अल्बमवर गात होता आणि गिटारवर ट्रे अझॅगथॉथ होताच. ही दोन नावं एकत्र वाचल्यावर कुठल्या चाहत्यानं शंका घ्यायची? आणि आत निघाले यंत्रासारखे इंडस्ट्रियल ठेके आणि इलेक्ट्रॉनिक तुकडे. जगभरातले चाहते दुखावले, त्यांत मीही होते. राग इतका होता की पुढे बरेच महिने मी त्यांचा १९८९ चा ‘ऑल्टर्स ऑफ मॅडनेस’सुद्धा लावला नाही. मला वाटलं होतं की आता त्यावरही तो डाग दिसेल. मग एका रात्री लावला. पहिल्या काही सेकंदांतच कळलं की त्या अल्बमला २०११ मध्ये काय झालं याची खबरही नाही. तो तसाच्या तसा होता, तेवढाच धावणारा, तेवढाच विचित्र. नासले होते ते मधले महिने, आणि ते मीच नासवले होते. त्या बँडनं पुढे २०१७ मध्ये स्टीव्ह टकरला गायक म्हणून परत घेऊन ‘किंग्डम्स डिसडेन्ड’ हा सरळ, कडक डेथ मेटल अल्बम काढला, तेव्हा वाईट अल्बमनं दार कायमचं बंद होतं असंही नाही.

उलट बाजूचं उदाहरण मला याहून जवळचं आहे. गॉर्गट्स हा कॅनडाचा बँड. २००१ च्या ‘फ्रॉम विज्डम टू हेट’नंतर त्यांचा ड्रमर स्टीव्ह मॅकडोनाल्ड २००२ मध्ये वारला, आणि पुढे बँडच थांबला. बारा वर्षांनी, २०१३ मध्ये, ‘कलर्ड सँड्स’ आला. त्यावर गायक-गिटारिस्ट ल्यूक लेमे सोडला तर वाजवणारा एकही माणूस आधीच्या कुठल्याही गॉर्गट्स अल्बमवर नव्हता. तुमच्या मित्राच्या मोजमापानं तो गॉर्गट्स नव्हेच. पण ऐका तो. अल्बमभर तिबेट आहे, आणि मध्यभागी ‘द बॅटल ऑफ चामदो’ नावाची एक रचना आहे, ज्यात ना ग्राउल आहे ना ड्रम, फक्त व्हायोलिन-चेलोच्या घराण्यातली वाद्यं. लेमेनं संगीतरचनेचं रीतसर शिक्षण घेतलेलं, आणि ते त्यानं डेथ मेटल अल्बमच्या ऐन पोटात आणून ठेवलं. ती रचना संपून गिटार परत येतात तेव्हा माझ्या अंगावर अजून काटा येतो. जुनी नावं जमली म्हणून अल्बम होत नाही, आणि जमली नाहीत म्हणून होत नाही असंही नाही. परतणाऱ्या माणसाकडे आज काही सांगण्यासारखं आहे का, एवढंच शेवटी ऐकू येतं.

तुमच्या मित्राचं ऐकण्याआधी जरा ड्रमरच्या शरीराचा विचार करू. गायकाचा ग्राउल पन्नाशीत जाडसर होतो, कधी कधी सुधारतोसुद्धा. गिटारिस्टची बोटं बरीच वर्षं टिकतात. पण तासभर दोन्ही पायांनी डबल बेस ड्रम आणि मनगटांनी ब्लास्ट बीट चालवणं ही मजुरी आहे, आणि त्याची किंमत पाठ, गुडघे आणि खांदे मोजतात. मॉर्बिड एंजलच्या त्याच २०११ च्या अल्बमवर त्यांचा ड्रमर पीट सँडोव्हाल नव्हता, कारण त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली होती. परतलेल्या बँडमध्ये ड्रमच्या मागे अनोळखी चेहरा दिसला की आपल्याला आधी व्यवहार दिसतो. बऱ्याचदा तिथे एक दुखरं शरीर असतं.

कार्कस या इंग्लिश बँडचं तुम्हाला माहीत असेलच, तरी सांगते, कारण तुमच्या प्रश्नाशी ते फार जुळतं. १९९६ च्या ‘स्वॉनसाँग’च्या सुमाराला बँड संपला. १९९९ मध्ये त्यांचा ड्रमर केन ओवेन याला मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला, पण पूर्वीसारखं वाजवणं गेलं. बँड एकत्र आला आणि २००८ मध्ये पुन्हा मंचावर उभा राहिला, तेव्हा ड्रमवर दुसरा माणूस होता, आणि काही मैफलींत मध्येच ओवेन मंचावर येऊन थोडा वेळ ड्रमवर बसायचा. वेग नव्हता, जुनी ताकद नव्हती, आणि समोरची गर्दी त्याच्यासाठी घसा फाटेस्तोवर ओरडायची. मग २०१३ मध्ये ‘सर्जिकल स्टील’ आला. सतरा वर्षांनी. ड्रमवर डॅनियल वाइल्डिंग, तोवरच्या कुठल्याही कार्कस अल्बमवर न वाजवलेला. पण श्रेयनामावलीत केन ओवेनचं नाव आहे, मागून साथ देणाऱ्या आवाजांत. त्याला वाजवता येत नव्हतं, तर त्यांनी त्याचा आवाज घेतला. तो अल्बम उत्तम आहे, पण तो उत्तम नसता तरी एवढ्या एका गोष्टीसाठी मी तो जवळ ठेवला असता.

तुमच्या बँडनं आपल्या जुन्या ड्रमरला कसं वागवलंय हे शोधून बघा. एलपी आली की आतला कागद वाचा, कुणाचे आभार मानलेत ते बघा. मित्राच्या रागाचं उत्तर कदाचित तिथे असेल.

आणि तो राग चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. बोल्ट थ्रोअर हा बँड आठवा. ‘दोज वन्स लॉयल’ २००५ मध्ये आला, आणि पुढचा अल्बम त्याहून सरस होणार नसेल तर तो करायचाच नाही असं त्यांनी ठरवलं. सुरू केलेलं काम थांबवलं. २०१५ मध्ये त्यांचा ड्रमर मार्टिन कर्न्स वारला, आणि वर्षभरानं बँडनं आपण संपल्याचं जाहीर केलं. त्याच्या जागी कुणाला बसवलं नाही. तुमचा मित्र जे बोलतोय ते या जातीचं आहे. तुम्हाला तो नव्या अल्बमचा दुस्वास वाटतोय, पण तो एका माणसाच्या जागेची राखण करतोय. तुम्ही दोघं एकाच बँडवर प्रेम करता. तुम्ही गायकाच्या आणि गिटारच्या बाजूनं करता, तो ड्रमच्या बाजूनं. त्याला कधी विचारलंत का, की तो जुने अल्बम ऐकताना काय ऐकतो? कॅसेट उतरवण्याच्या दिवसांत त्याच्या बोटांनी टेबलावर काय वाजायचं हे तुम्हाला आठवत असेल. तो खांदा त्या ड्रमरचा असला तरी तुमचा मित्रही आता तुमच्याच वयाचा आहे.

माझी एक चूक सांगते, ती तुम्ही करू नये म्हणून. २०१४ मध्ये अ‍ॅट द गेट्स या बँडचा ‘अ‍ॅट वॉर विथ रिअ‍ॅलिटी’ आला. त्यांचा ‘स्लॉटर ऑफ द सोल’ १९९५ चा, म्हणजे मधे एकोणीस वर्षं. मी काय केलं, तर त्या संध्याकाळी आधी जुना अल्बम लावला, सगळा, आणि लगेच नवा. जुना जेमतेम पस्तीस मिनिटांचा, सुरीसारखा. त्याच्यामागून नवा जड वाटला, अंधारा वाटला, कुठे कुठे थांबून विचार करणारा वाटला. मी दोन दिवसांत निकाल दिला आणि ज्याला त्याला ऐकवला. मग तो अल्बम कपाटात गेला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांचा गायक टोमास लिंडबर्ग कर्करोगानं गेला. ५२ वर्षांचा होता. त्या रात्री मला ‘स्लॉटर ऑफ द सोल’ लावावासा वाटला नाही, तो मला पाठ आहे. मी तो दुसरा काढला. आणि मला पहिल्यांदा ऐकू आलं की हा चाळिशी ओलांडलेल्या माणसाचा आवाज आहे. ज्यानं मधली वर्षं जगून काढली, शाळेत मुलांना शिकवलं, पुस्तकं वाचली, आणि ती सगळी पुस्तकं या अल्बमच्या शब्दांत आणून ओतली. २०१४ मध्ये मी त्याच्याकडे तो बावीस वर्षांचा मुलगा मागत होते. तो मुलगा जुन्या अल्बमवर होताच, कुठे जाणार होता? समोर उभ्या असलेल्या माणसाला मात्र मी अकरा वर्षं ऐकलं नाही.

म्हणून ऐका. ऐकूच नये का, याला माझं उत्तर ठामपणे ‘ऐका’ हे आहे. फक्त त्या दिवशी, आणि त्याच्या आदल्या दिवशीही, जुना अल्बम लावू नका. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आतला कागद हातात घ्या, दोन्ही बाजू एका बैठकीत ऐका, आणि मग काही बोलू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. मत द्यायची घाई तुम्हाला कुणी केलेली नाही. आठवड्यानं एखादी रिफ आपोआप गुणगुणलीत तर ते उत्तर समजा. काहीच आठवलं नाही तर तेही उत्तर आहे, आणि तसं असलं तर निःसंकोच निराश व्हा. निराश होण्याइतकं प्रेम तुम्ही केलेलं आहे. कुणास ठाऊक, पुढे आणखीही येईल. ऑटॉप्सी हा बँड १९९५ मध्ये फुटला, पुन्हा जमला, २०११ मध्ये त्यांचा ‘मकाब्र इटर्नल’ आला, आणि क्रिस रायफर्ट ड्रम वाजवता वाजवता गातोय तो २०२३ पर्यंत अल्बम काढतच राहिला. पझेस्ड या बँडचा गायक जेफ बेसेरा याला १९८९ मध्ये गोळ्या लागल्या, छातीखालचं शरीर लुळं पडलं, आणि २०१९ मध्ये त्यानं व्हीलचेअरवरून ‘रेव्हेलेशन्स ऑफ ऑब्लिव्हियन’ गायला. आधीचा पूर्ण अल्बम १९८६ चा होता.

राहिली ती दुसरी प्रत. ती पोस्टानं पाठवू नका, आणि ती येईपर्यंत थांबूही नका. सहा आठवडे आणि ही तीन मिळून नऊ आठवडे होतात. इतक्या जुन्या मित्राशी इतके दिवस अबोला ठेवायला अल्बम हे कारण पुरत नाही. आज त्याला फोन करा. बोलू नये ते जे बोललात, त्याबद्दल माफी मागा, आणि त्या माफीला ‘पण तूसुद्धा’ जोडू नका. नव्या अल्बमचा विषय काढू नका. त्याला विचारा की त्या ड्रमरचं सगळ्यात चांगलं वाजवणं कुठल्या गाण्यात आहे. तो सांगेल, आणि मला वाटतं बराच वेळ सांगेल. मग जमलं तर भेटून ते गाणं दोघं मिळून ऐका, तो म्हणेल त्या जागी गप्प राहून. जुना अल्बम ऐकायचा तो त्या दिवशी, अशा कामासाठी.

प्रती आल्या की त्याची प्रत सील न फोडता त्याच्या हातात द्या. सांगा की ही भांडणाआधीच तुझ्यासाठी मागवली होती, त्यामुळे ती तुझीच आहे. तो ती त्याच संध्याकाळी लावेल, वर्षानं लावेल, की कधीच लावणार नाही, ते त्याचं त्याला ठरवू द्या. मधूनमधून ‘ऐकलास का?’ असं विचारू नका. तुमची प्रत तुमच्याकडे आहे, तुमचं ऐकणं त्याच्या परवानगीवर अडलेलं नाही.

फोनचं काय झालं ते मला नक्की कळवा. आणि या वेळी त्या जुन्या ड्रमरचं नाव लिहा. एवढ्या मोठ्या पत्रात ते राहून गेलंय.

तुमची,
सदरलेखिका